आयडलिंगचा इतिहास: उभ्या गाडीतले चालते इंजिन

१/
वेगात धावणारी जुनी मोटार आपला आजार बहुधा लपवते. सिग्नलवर थांबली की तोच आजार उघड होतो. इंजिन थरथरते, आपोआप चढते-उतरते, कधी एकदम बंद पडते. गॅरेजच्या भाषेत गाडीचे ‘आयडलिंग’ बिघडलेले असते. या किरकोळ वाटणाऱ्या दोषामागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२/
गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये आणि इंजिन चालू, ही आयडलिंगची अवस्था. येथे इंजिन गाडी ओढत नाही. जळणारे पेट्रोल इंजिनाचे स्वतःचे घर्षण आणि त्याला जोडलेले पंप, डायनॅमो यांवरच खर्च होते. आत जाणारी हवाही अगदी थोडी असते. त्यामुळे एखाद्या छिद्रातून चोरवाटेने शिरलेली हवा भर वेगात नगण्य ठरते. आयडलिंगमध्ये मात्र एकूण हवेतला तिचा वाटा मोठा होतो. दोष तोच, पण प्रमाण बदलते.

३/
कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या गाडीत आजच्या अर्थाचा कार्बोरेटर नव्हता. इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा जाई आणि वाफ घेऊन इंजिनात शिरे. मिश्रण किती दाट होईल हे हवेचे तापमान, रस्त्यावरचे हिसके आणि इंधनाचा ताजेपणा यांवर अवलंबून राही. इंजिन समतोल ठेवण्याची जबाबदारी चालवणाऱ्याच्या हातावर आणि कानावर होती.

४/
ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. वीज वाहून नेणाऱ्या तारेला आवरण म्हणून मोज्याचा पट्टा वापरला, असे सांगितले जाते. इंधन आणि ठिणगी हे दोन संशयित मोटारीच्या पहिल्याच दीर्घ प्रवासात समोर आले. तिसरा संशयित, म्हणजे हवा, पुढे कार्बोरेटरबरोबर महत्त्वाचा झाला.

५/
१८९३ मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत फवाऱ्याचा कार्बोरेटर आणला. त्याच वर्षी हंगेरीत डोनात बांकी आणि यानोश चोंका यांनीही आपल्या कार्बोरेटरचे पेटंट घेतले. तत्त्व त्याहून जुने होते. अरुंद गळ्यातून जाताना प्रवाहाचा वेग वाढतो व दाब घटतो, हे जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेन्चुरी यांनी १७९७ मध्ये मांडले होते. त्या घटलेल्या दाबाने पेट्रोल जेटमधून खेचले जाते आणि हवेत फवारले जाते.

६/
याच तत्त्वात एक उणीव दडलेली आहे. चालकाने ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. गळ्यातून जाणारी हवा इतकी मंदावते की मुख्य जेटमधून पेट्रोल वर येतच नाही. म्हणजे आयडलिंगच्या क्षणी कार्बोरेटरचा मुख्य भाग निकामी असतो. नेमक्या त्याच क्षणी झडपेच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, ओढ मात्र सर्वांत तीव्र असते.

७/
अभियंत्यांनी त्या ओढीलाच कामाला लावले. झडपेच्या काठाशी लहान छिद्रे ठेवून आयडलिंगसाठी पेट्रोलची स्वतंत्र वाट काढण्यात आली. तिचा जेट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. सोबत दोन स्क्रू आले. एक झडप किती उघडी राहावी हे ठरवतो, दुसरा मिश्रण किती दाट असावे हे. पुढची कित्येक दशके जगभरातील मेकॅनिकांची कीर्ती या दोन स्क्रूंवर तोलली गेली.

८/
इंजिनाच्या चढ-उतारांची कथा मोटारीहूनही जुनी आहे. जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. पुढे असे गव्हर्नर कधी वेग अति वाढवत, कधी अति घटवत आणि मधल्या जागी स्थिरावतच नसत. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६८ च्या आपल्या निबंधात या अस्थैर्याची गणिती चिकित्सा केली. दुरुस्ती उशिरा पोहोचली किंवा गरजेपेक्षा जास्त झाली की डोलणे सुरू होते, हे सूत्र आयडलिंगलाही लागू पडते.

९/
मुंबईत या विद्येचे विद्यापीठ होते ते रस्त्याकडेचे गॅरेज. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होणारी फियाट ११०० आणि तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीची, काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात शहरभर धावत होती. टॅक्सीचा मोठा वेळ सिग्नलवर आणि स्टँडवर जाई. तेथे इंजिन वारंवार बंद पडणे म्हणजे पेट्रोल, वेळ आणि भाडे या तिन्हींचे नुकसान.

१०/
जाणता मेकॅनिक कार्बोरेटरला हात शेवटी लावी. आधी ठिणगी: प्लग, पॉइंटमधली अर्ध्या मिलिमीटरहून कमी असलेली फट, टायमिंग. एकेका सिलिंडरची प्लगची वायर काढून पाहायची. जिची वायर काढल्यावरही इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मुळात काम करत नाही. मग हवा: कार्बोरेटरखालचे गॅस्केट, तडकलेले रबरी होज, झिजलेली थ्रॉटलची दांडी. होज चिमटीत दाबताच इंजिन सावरले, तर चोर सापडला.

११/
या कानाच्या जोडीला एक साधे उपकरण होते, व्हॅक्यूम गेज. निरोगी इंजिनात आयडलिंगला, समुद्रसपाटीजवळ, काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांदरम्यान स्थिर राहतो. काटा स्थिर पण खाली असेल, तर हवेची गळती किंवा मागे पडलेले टायमिंग. ठरावीक लयीत झटका देत असेल, तर एखाद्या व्हॉल्व्हवर संशय. ही सर्व तपासणी झाल्यावर जेट स्वच्छ करायचा, फ्लोटची पातळी पाहायची आणि मगच स्क्रू फिरवायचा.

१२/
हा क्रम उलटा केला, तर काय होते? गॅस्केटमधून हवा शिरत असताना स्क्रू फिरवून मिश्रण दाट केले की इंजिन तात्पुरते शांत होते. गळती मात्र तशीच राहते, पेट्रोल जास्त जळते, प्लग काळे पडतात. महिन्याभराने गाडी पुन्हा दारात आणि आता एका दोषाचे दोन झालेले. स्क्रू हे औषधही होते आणि आजार झाकण्याचे साधनही.

१३/
मग या स्क्रूवर कायद्याची नजर पडली. १९५० च्या दशकाच्या आरंभी आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा संबंध मोटारींच्या व तेल उद्योगाच्या वायूंशी आणि सूर्यप्रकाशाशी जोडला. नियम कडक होत गेले. अमेरिकी गाड्यांच्या मिश्रणाच्या स्क्रूवर आधी मर्यादा घालणाऱ्या टोप्या आल्या, नंतर तो स्क्रू बुचाखाली बंदच झाला. मेकॅनिकच्या हातातले अधिकाराचे चिन्ह कारखान्याने काढून घेतले.

१४/
भारतात हीच बाब पीयूसीच्या रूपाने आली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पेट्रोलच्या चारचाकींसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के ठरवली. येथे खरा पेच होता. थोडे दाट मिश्रण इंजिनाला शांत ठेवते, पण विषारी वायू वाढवते. पातळ मिश्रण धूर स्वच्छ करते, पण थकलेल्या इंजिनाला थरथरवते. प्रमाणपत्रापुरता स्क्रू आवळून नंतर पुन्हा सैल करण्याचा मोह याच पेचातून जन्मला.

१५/
यंत्राचे उत्तर तोवर तयार होत होते. १९६७ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी फोक्सवॅगनच्या गाडीत आली. १९७६ मध्ये व्होल्वोने धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्ब्डा सेन्सर बसवला. इंजिन आता स्वतःचा उच्छ्वास तपासून मिश्रण बदलू लागले. आयडलिंगसाठी हवेची वाट संगणक उघडू-मिटू लागला. १९९६ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या मोटारीला दोष सांगणारी ओबीडी-२ ही समान सांकेतिक भाषा बंधनकारक झाली.

१६/
येथे इतिहास एक वळसा घेऊन जुन्याच जागी येतो. होज तडकून हवा शिरली, की संगणक निमूटपणे इंधन वाढवतो आणि गळती झाकतो. स्क्रू फिरवणारा उतावळा मेकॅनिक करत असे तेच. दुरुस्तीची सीमा ओलांडल्यावरच दिवा पेटतो आणि पी-०१७१ हा कोड येतो. कोड सांगतो, ‘मिश्रण पातळ आहे’. गळती कोठे, हे तो सांगत नाही. ते शोधायला होज चिमटीत दाबणारी बोटेच लागतात.

१७/
म्हणूनच आज वीस वर्षांची झालेली फवारणीची गाडी सिग्नलवर डोलू लागली, तर भाग बदलण्याआधी जुना क्रम उपयोगी पडतो: ठिणगी, हवा, इंधन. थ्रॉटल बॉडी व आयडलिंगचा व्हॉल्व्ह यांवरची काजळी साफ करावी, होज तपासावेत, एका वेळी एकच बदल करावा आणि परिणाम पाहावा. दोन बदल एकत्र केले, की गुण कशामुळे आला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

१८/
ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. ती गाडी अनेकांच्या छायाचित्रांत उरली. तिच्या इंजिनाचा आवाज ओळखणारी विद्या मात्र छायाचित्रात मावत नाही. ती फारशी कोठे लिहूनही ठेवलेली नाही. ज्या गॅरेजांत अजून एखादा कार्बोरेटर उघडला जातो, तेथे उभे राहून ऐकणे, विचारणे आणि टिपून ठेवणे हेही इतिहासलेखनच आहे. आणि त्यासाठी वेळ थोडा उरला आहे.