जीवनसत्त्वांचें माप

जें शरीरास हितकर तें जितकें अधिक तितकें बरें, ही समजूत फार जुनी आहे. आणि ती किती घातक ठरते हें सांगणारा इतिहासहि जुनाच आहे.

१५९७ सालीं डच नाविक बॅरेंट्स याच्या तुकडीनें ध्रुवप्रदेशांत अस्वलाचें यकृत खाल्लें. सारे आजारी पडले. तिघांची तर अंगाची कातडी सोलून निघाली. हें विष कोणतें, हें कोडें सुमारें साडेतीनशें वर्षें सुटलें नाहीं. १९१३ मध्यें अमेरिकेंत 'अ' जीवनसत्त्वाचा शोध लागला, आणि १९४३ मध्यें रोडाल व मूर यांनीं दाखविलें कीं, तें विष म्हणजे यकृतांत अतोनात सांठलेलें हेंच जीवनसत्त्व होय! 'क' जीवनसत्त्व पाण्यांत विरघळतें. जास्त झालें तर बहुतांशीं लघवीवाटे निघून जातें. 'अ' व 'ड' स्निग्धांत विरघळतात, म्हणून शरीरांत सांठतात.

आतां आपल्याकडे वळूं. वैनगंगेकांठचें आरमोरी, १९८२ पर्यंत चंद्रपूर व तदनंतर गडचिरोली जिल्ह्यांतील, हा भाताचा मुलूख. पांढऱ्या तांदळांत 'अ' जीवनसत्त्व नसतें. केवळ भातावर वाढणाऱ्या मुलास रातांधळेपणाचें भय असतें. अशांसाठींच भारत सरकारनें १९७० पासून बालकांस या जीवनसत्त्वाचे मोठे डोस देण्याची योजना चालविली. लहान मुलास रोज हजार ते तेराशें एककें लागतात. वर्षावरील मुलास दर सहा महिन्यांनीं दोन लक्ष एककें, म्हणजे अर्ध्या वर्षाची शिदोरी, एकदम मिळते. ती मावते दोन मिलिलिटरच्या चमच्यांत. नोव्हेंबर २००१ मध्यें आसामांत त्या चमच्याऐवजीं पांच मिलिलिटरचीं मापें वांटलीं गेलीं. अनेक मुलें आजारी पडलीं, कांहीं दगावलीं. मृत्यूंच्या कारणाविषयीं वाद झाला. मापाचें महत्त्व मात्र निर्विवाद ठरलें.

म्हणून योजनेचा डोस नाकारूं नये. तो वेळेवर, नोंद पाहून घ्यावा. धोका आहे तो शहरी कपाटांत. माशाच्या यकृताचें तेल, टॉनिक आणि गोळ्या, तिन्हींत 'अ' असूं शकतें, व बेरीज कोणी करीत नाहीं. डोकेदुखी, वांति, हाडांचें दुखणें, यकृताची हानि हे त्याचे परिणाम. गर्भवतीच्या बाबतींत तर गर्भासहि अपाय संभवतो.

शेवग्याचा पाला, पपई, पालेभाज्या यांतील कॅरोटिनापासून शरीर गरजेपुरतेंच 'अ' बनवितें. आरमोरीच्या परसांतील झाडाला हें माप निसर्गानेंच लावून दिलें आहे. बाटलीचें माप आपण सांभाळावयाचें आहे.