पोसलेली यंत्रे : कल्पित समाजांतील सजीव तंत्रज्ञान

कल्पित समाजाची उभारणी करणारा लेखक जेव्हा त्या समाजाला लोखंड आणि कोळसा यांच्याऐवजी वृक्ष, प्राणी, ऊन, पाऊस यांवर आधारलेले तंत्रज्ञान देतो, तेव्हा तो समाज निसर्गाशी, आणि म्हणून आपापसांतही, सलोख्याने नांदत असणार असे समीक्षेत पुष्कळदा गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून घेणे आवश्यक आहे. 'यंत्र' हा शब्द मुळात आवरून धरणे, नियंत्रणात ठेवणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. यंत्र निर्जीव असले की हा अर्थ आपल्या ध्यानातही येत नाही. ते जिवंत असले, तर त्याला आवरतो कोण आणि पोसतो कोण, हा प्रश्न टाळता येत नाही.

प्रत्यक्षातील एक उदाहरण आधी घेऊ. मेघालयातील खासी लोक रबरवडाची हवाई मुळे सुपारीच्या पोकळ खोडांतून, बांबूच्या आधाराने ओढ्यापलीकडे नेतात आणि ती तेथे रुजली की त्यांचा पूल होतो. हेन्री यूल यांनी 1844 मध्ये या पुलांची नोंद केली. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांचा समावेश झाला. असा पूल वापरण्याजोगा व्हायला कित्येक वर्षे लागतात. जो मुळे वळवायला आरंभ करतो, त्याच्यापेक्षा त्याच्या नातवंडांनाच त्याचा उपयोग अधिक. सजीव तंत्रज्ञानाला असा समाज लागतो, जो दोन-तीन पिढ्या एकाच गोष्टीची निगा राखू शकेल.

कल्पित साहित्यात रुकैया सखावत हुसैन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा 1905 साली मद्रासच्या 'द इंडियन लेडीज मॅगझीन'मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. तिच्यातील स्त्रीराज्यात पुरुष मर्दान्यात बंद आहेत. एका विद्यापीठाने वातावरणातील पाणी नळ्यांवाटे खेचून घेणारा फुगा तयार केला आहे, तर दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवण्याची साधने. स्वयंपाकघरात ना धूर, ना कोळसा. शेते विजेने नांगरली जातात. या तपशिलाकडे अभ्यासकांचे म्हणावे तसे लक्ष गेलेले दिसत नाही. स्त्रीला जनान्यातून मुक्त करणारी लेखिका नकळत बैलालाही जोखडातून सोडवते. तिच्या राज्यात निसर्गाची शक्ती राबते, पण कोणताही जीव राबत नाही.

नेमके याच्या उलट चित्र हॅरी हॅरिसन यांच्या 'वेस्ट ऑफ ईडन' (1984) या कादंबरीत दिसते. डायनोसॉर नष्टच झाले नसते तर, या कल्पनेवर ती उभी आहे. जीवशास्त्रज्ञ जॅक कोएन आणि भाषाशास्त्राचे अभ्यासक टॉम शिपी यांचे साहाय्य हॅरिसन यांनी घेतले होते, आणि ते पानोपानी जाणवते. सरीसृपांपासून उत्क्रांत झालेल्या यिलाने या जातीला अग्नी ठाऊक नाही. त्यांचे सारे विज्ञान म्हणजे प्राण्यांची आणि वनस्पतींची हवी तशी पैदास. त्यांची नगरे वाढवलेल्या झाडांची, अंगावरचा झगा हा उबदार जिवंत प्राणी, समुद्रातील उरुकेतो ही जहाजाचे काम करणारी महाकाय जलचर, आणि हेसोत्सान हे शस्त्र, ज्याला रोजच्या रोज भरवावे लागते. येथेही सत्ता स्त्रियांची आहे आणि अंडी वागवणारे नर बंदिस्त आहेत. रुकैयांची कथा हॅरिसन यांच्या वाचनात होती असे मानण्याचे कारण नाही. तरीही या दोन रचनांतील साम्य तौलनिक अभ्यासकाला खुणावते.

यिलाने समाजात उपकरण आणि सेवक यांच्यातील सीमारेषा पुसली गेली आहे. ज्या विज्ञानाने प्राण्याला शस्त्र केले, तेच विज्ञान समाजातील खालच्या थराकडेही त्याच नजरेने पाहते. नगरातून बहिष्कृत झालेली व्यक्ती आज्ञा ऐकताच मरण पावते. तेथे आज्ञापालन हा कायदा नसून देहधर्मच आहे. उर्सुला ल ग्विन यांच्या 1972 च्या लघुकादंबरीत जग आणि अरण्य यांना एकच शब्द असलेला समाज येतो. त्याचे चित्र मला फार सोज्वळ वाटते. हॅरिसन यांची भाषा त्या मानाने खडबडीत आहे. परंतु सजीव तंत्रज्ञान म्हणजे करुणा नव्हे, हे त्यांना नीट कळले होते.

या कादंबरीचा मराठी अनुवाद करायचा झाल्यास 'हेसोत्सान'ला शस्त्र म्हणावे की जनावर? मराठीत एक क्रियापद सोयीचे आहे : पाळणे. आपण गुरे पाळतो, शब्द पाळतो, सुतकही पाळतो. पाळणारा स्वतःही कशाने तरी बांधला जातो, हे या शब्दाच्या वापरातच आहे. खांदेमळणीच्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळणारा आणि दुसऱ्या दिवशी पोळ्याला त्याला औताला न जुंपणारा शेतकरी वर्षभर त्याच खांद्यावर जू ठेवत असतो. त्या स्पर्शात ऋण मान्य केलेले असते. यिलानेंच्या नगरात असा एकही दिवस नाही.

कादंबरीच्या शेवटी माणसे अल्पेआसाक हे नगर जाळतात. पुढच्या भागांत तीच माणसे त्या जळक्या नगरात राहू लागतात आणि हाती लागलेली हेसोत्सान वापरू लागतात. त्यांना ती भरवता येतात, पण त्यांची पैदास करता येत नाही. एकेक शस्त्र मरत जाते, आणि शिकारीला निघण्यापूर्वी माणसांना उरलेली मोजावी लागतात.