आयोनियम ते नेवासे : थोरियम-230 ची कुळकथा

अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे येथे प्रवरेने कापून काढलेल्या दरडींच्या तळाशी वाळू व गोटे चुनखडीने सांधले जाऊन बनलेला एक कठीण थर दिसतो आणि त्यात पुराणाश्मयुगीन माणसाने घडविलेल्या हातकुऱ्हाडी व फरश्या आढळतात. 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवाशास उत्खनन केले, पुढे 1966 ते 1969 मध्ये गुड्रून कॉर्व्हिनस यांनी जवळच्याच चिरकी येथील अशूलियन, म्हणजे हातकुऱ्हाडींच्या परंपरेतील, स्थळ उघडे केले. परंतु या हत्यारांचे वय वर्षांत सांगण्याची सोय त्या वेळी नव्हती. कार्बन-14 चा अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्याचे निम्मे अणू क्षय पावण्यास लागणारा काळ, 5,730 वर्षांचा असल्याने ती पद्धत जोर्वे आणि दायमाबाद या याच जिल्ह्यातील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींना उत्तम लागू पडते, पण सुमारे 50 हजार वर्षांपलीकडे ती निरुपयोगी ठरते. नेवाशाच्या हत्यारांसाठी जे द्रव्य अखेर कामी आले, त्याचा शोध मात्र कालमापनाच्या हेतूने लागलेला नव्हता.

नॉर्वेत सापडलेल्या एका काळ्या खनिजातून बर्झेलियस याने थोरियम हे मूलद्रव्य 1828-29 च्या सुमारास ओळखले आणि 1898 मध्ये गेरहार्ट श्मिट व मारी क्यूरी यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे त्याचा किरणोत्सर्ग दाखवून दिला. त्यानंतरच्या दशकात किरणोत्सर्गी पदार्थांची नवनवी नावे इतक्या वेगाने पुढे आली, की मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्यांना जागा उरेना. 1900 मध्ये क्रुक्सने ‘युरेनियम-एक्स’ वेगळे काढले, 1905 मध्ये ऑटो हानने ‘रेडिओथोरियम’ शोधले, तर 1907 मध्ये बर्ट्रम बोल्टवुडने युरेनियमच्या खनिजात ‘आयोनियम’ सापडल्याचे जाहीर केले. या आयोनियमाने रसायनशास्त्रज्ञांना विशेष छळले, कारण एकदा थोरियमात मिसळल्यावर ते कोणत्याही रासायनिक क्रियेने बाहेर निघत नसे. गॅसबत्तीच्या जाळीसाठी थोरियम ऑक्साइड वापरून नाव मिळविलेल्या आउअर फॉन वेल्सबाख याच्यासारख्या निष्णात माणसाच्या हातीही दोन्ही एकत्रच राहिले. ही नामुष्की नव्हतीच, कारण जे मुळात एकच आहे ते वेगळे होणार कसे? 1913 मध्ये फ्रेडरिक सॉडीने समस्थानिकांची कल्पना मांडली आणि उलगडा झाला. ज्यांच्या अणुकेंद्रात प्रोटॉनांची संख्या सारखी, पण न्यूट्रॉनांची निराळी, ते एकाच मूलद्रव्याचे समस्थानिक होत. आणि वरील सर्व पदार्थ 90 प्रोटॉनांचे, म्हणजे थोरियमच, होते.

या भावंडांची आयुर्मर्यादा मात्र कमालीची विषम आहे. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत विपुल असणाऱ्या थोरियम-232 चा अर्धायुकाल सुमारे 1,400 कोटी वर्षांचा आहे, पूर्वीच्या रेडिओथोरियमाचा, म्हणजे थोरियम-228 चा, दोन वर्षांहूनही कमी, तर पूर्वीच्या आयोनियमाचा, म्हणजे थोरियम-230 चा, सुमारे 75 हजार वर्षांचा आहे. युरेनियम-238 दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन यांचा अल्फा कण टाकून थोरियम-234, म्हणजे क्रुक्सचे युरेनियम-एक्स, बनते. ते 24 दिवसांच्या अर्धायुकालाने क्षय पावत प्रोटॅक्टिनियमामार्गे युरेनियम-234 होते, आणि हे युरेनियम पुन्हा अल्फा कण टाकून थोरियम-230 ला जन्म देते.

कालमापनाची सारी युक्ती एका रासायनिक भेदावर उभी आहे. युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे भूजलातून चुनखडी साकळते तेव्हा तिच्यात थोडे युरेनियम येते, थोरियम-230 मात्र येत नाही. पुढे ते आतल्या आत साचू लागते आणि युरेनियम-234 शी त्याचे गुणोत्तर मोजून चुनखडीचे वय काढता येते. थोरियम-232 या पद्धतीत उपद्रवी पाहुणा ठरते, कारण ते मातीच्या कणांबरोबर आत शिरते आणि सोबत बाहेरचे थोरियम-230 ही आणते. पण तेच भेसळीचे प्रमाणही सांगत असल्याने दुरुस्ती करता येते. या साचण्याला मात्र अंत आहे. जितके थोरियम-230 जन्मते तितकेच क्षय पावू लागले, की गुणोत्तर स्थिरावते, आणि अल्फा कण मोजण्याच्या जुन्या तंत्राने सुमारे साडेतीन लाख वर्षांपलीकडे काही कळत नाही.

डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा यांनी 1992 मध्ये भारतीय अशूलियन संस्कृतीच्या वयाचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात नेवासे आणि बेळगाव जिल्ह्यातील कृष्णाकाठचे येडूरवाडी या दोन्ही स्थळांचे थोरियम-युरेनियम वय 3,50,000 वर्षांहून अधिक असे दिले आहे. हा आकडा नेवाशाच्या माणसाचे वय म्हणून वाचणे चूक आहे. तो पद्धतीच्या मर्यादेचा आकडा आहे. शिवाय गोट्यांना सांधणारी चुनखडी गोटे साचल्यानंतरच तयार होते, म्हणून हत्यारे तिच्याहून जुनीच असली पाहिजेत. किती जुनी, हे थोरियम सांगू शकत नाही. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथे 2011 मध्ये अ‍ॅल्युमिनियम-26 व बेरिलियम-10 यांच्या आधारे अशूलियन हत्यारांचे वय सुमारे 15 लाख वर्षे ठरविण्यात आले. मात्र त्या मापनाला क्वार्ट्‌झ हे खनिज लागते, आणि प्रवराकाठच्या हातकुऱ्हाडी बहुतांशी डोलेराइट व बसाल्ट या दगडांच्या, म्हणजे क्वार्ट्‌झविरहित, आहेत.