बालगंधर्वांचे पुनरागमन आणि मुंबईकर रसिकांचा अपेक्षाभंग

मराठी रंगभूमीच्या इतिहासात नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) ह्यांच्या कारकीर्दीचे दोन भाग पाडण्याची प्रथा आहे : प्रथम वैभवाचा काळ आणि मग उतरती कळा. ह्या दुसऱ्या भागाची वासलात ‘वय झाले, आवाज थकला’ अशा एका वाक्यात लावली जाते. १९३५ पासून नव्या रूपाने रसिकांसमोर येण्याचे त्यांचे प्रयत्न निराशाजनक ठरले, हे खरे. परंतु निराशा नेमकी कशाने झाली, ह्याची चिकित्सा झाल्यावाचून तो निर्णय पुरा होत नाही.

प्रथम अपेक्षा कशी घडली, ते पाहू. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात झाला. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. १९१६ मध्ये भास्करबुवा बखले ह्यांच्या चालींनी नटलेले ‘स्वयंवर’ आले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. त्यात केशवराव भोसले धैर्यधर होते, तर बालगंधर्व भामिनी. रात्र रात्र चालणाऱ्या प्रयोगांना अहमदजान थिरकवा ह्यांचा तबला आणि कादरबक्ष ह्यांची सारंगी लाभली. पद कितीदा आळवावे, हे ‘वन्समोअर’च्या गजरावर ठरे. घरोघरी पोचलेल्या ध्वनिमुद्रिकेत मात्र एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मावत. तिच्यात पदाचा निवडक अर्क तेवढा उरला. गायकाचे थबकणे, रेंगाळणे, चाचपडणे तिच्याबाहेर राहिले. गिरगाव-दादरच्या रसिकांपाशी अशा प्रकारे दोन गंधर्व होते : एक रंगमंचावरचा, दुसरा तबकडीतला. तबकडीतल्याचे वय वाढत नव्हते.

पुढे परिस्थिती पालटली. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला आणि पाहता पाहता बोलपटाने नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक ओढून नेला. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ ह्या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. कर्जाने वाकलेल्या बालगंधर्वांनी तेव्हा प्रभात फिल्म कंपनीशी करार केला.

व्ही. शांताराम ह्यांच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) ह्या चित्रपटात ते संत एकनाथ झाले. भामिनी आणि रुक्मिणी पाहिलेल्या डोळ्यांना हा पुरुषवेष परका वाटला. ‘साध्वी मीराबाई’ (१९३७) मध्ये त्यांनी पुन्हा स्त्रीवेष घेतला. रंगमंचावरचे दिवे आणि प्रेक्षकांपासूनचे अंतर ह्यांनी इतकी वर्षे जो भास जपला होता, तो आता कॅमेऱ्याने हिरावून घेतला, कारण पडद्यावरील मीरा पन्नाशीला आलेली होती. दोन्ही चित्रपटांना अपेक्षित यश आले नाही. बदलावे तर ‘आपले’ गंधर्व हरवतात, न बदलावे तर काळ मागे पडल्याचे दिसते, असा हा पेच होता.

बालगंधर्व रंगभूमीवर परतले तरी पेच सुटला नाही. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या आणि स्त्रीभूमिका करू लागल्या. काळाच्या रीतीला हे धरूनच होते. तरीही जुन्या रसिकांपैकी अनेकांना ते रुचले नाही. १९४२ मध्ये ‘कुलवधू’तील ज्योत्स्ना भोळे ह्यांचे मुंबईने कौतुक केले. म्हणजे आक्षेप नटीच्या प्रवेशाला नव्हता. गंधर्वांच्या जागी दुसरे कोणी उभे राहण्याला होता.

हा अनुभव केवळ आपला नव्हे. अमेरिकेतील ‘द स्टूजेस’ ह्या रॉक वाद्यवृंदाने १९७३ च्या गाजलेल्या ‘रॉ पॉवर’नंतर थेट २००७ मध्ये ‘द वीअर्डनेस’ हा नवा संग्रह काढला, तेव्हा पुष्कळ समीक्षकांची निराशा झाली. तेथेही नव्या गाण्यांना जुन्या ध्वनिमुद्रणाशी झुंजावे लागले. मात्र त्या वाद्यवृंदाचे माध्यम तेच राहिले होते, तर बालगंधर्वांना माध्यम, भूमिका आणि मंडळी ही तिन्ही एकाच दशकात बदलावी लागली.

वयाचा परिणाम येथे नाकारलेला नाही. आवाजाची झीज ही वस्तुस्थिती आहे आणि भक्तीपोटी ती झाकणे इतिहासकाराला शोभत नाही. परंतु अपेक्षाभंग हा कलावंताच्या ऱ्हासाइतकाच प्रेक्षकाच्या स्मरणाचाही पुरावा असतो. बालगंधर्वांच्या १९३५ नंतरच्या कार्याचे मूल्यमापन करताना अभ्यासकाने प्रत्येक अभिप्रायाला तीन प्रश्न विचारावेत : लिहिणाऱ्याने पूर्वीचे प्रयोग पाहिले होते, की केवळ तबकड्या ऐकल्या होत्या? तक्रार गायनाची आहे, की वेषाची? दोष नटाचा आहे, की विस्कटलेल्या मंडळीचा? ही छाननी होईल तेव्हाच ‘उतरती कळा’ हा शब्द कोठे लागू पडतो आणि कोठे नाही, हे सांगता येईल.