रस्ता मोकळा करतात तेव्हा: टेंभुर्णीचा चौक आणि फील्डवर्क

फील्डवर्कला निघण्याआधी तुम्ही हवामान बघता, गाडीची वेळ बघता, गाईडची सही घेता. ज्या रस्त्यानं जाणार, तिथल्या आंदोलनांचा इतिहास मात्र कुणी बघत नाही. मीही बघितला नव्हता.

उजनीच्या पाण्याचे नमुने बर्फाच्या पेटीत घालून मी सोलापूरला निघाले होते. टेंभुर्णीत ऊसदरासाठी रास्ता रोको. पहिला तासभर वातावरण अगदी जत्रेसारखं, चहावाले फिरतायत, पोरं ट्रॅक्टरवर चढतायत. मी मोबाईल काढून पुढं गेले, तर एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "ताई, फोटो झाला असंल तर कडंला व्हा. बसलेत तवर काय नाय. उठवायला आले की मग बघा."

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला असं वाक्य म्हणजे गृहीतकच. मी ते नंतर जुन्या घटनांवर लावून पाहिलं.

आधी, टेंभुर्णीच का? १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, उसामागून कारखाने आले. त्यामुळे गळीत हंगामाच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दराचा वाद दरवर्षी ठरलेला. आणि पुणे-सोलापूर महामार्ग गावावरूनच जातो. पंढरपूर, कुर्डुवाडीचे रस्तेही इथंच फुटतात. हा चौक अडवला की सरकारला ऐकू जातं.

आता निपाणी, १९८१. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक १४ मार्चला पुणे-बेंगळुरू महामार्गावर बसले. तीन आठवड्यांहून जास्त काळ हजारो माणसं रस्त्यावर राहिली, तिथं 'आंदोलननगर' वसलं. गोळीबार झाला तो ६ एप्रिलला, पोलीस रस्ता मोकळा करायला आले त्या दिवशी. शेतकरी मारले गेले.

अंतरवाली सराटी, २०२३. उपोषण २९ ऑगस्टला सुरू झालं. १ सप्टेंबरला पोलिसांनी उपोषणकर्त्याला रुग्णालयात हलवायचा प्रयत्न केला, तेव्हा लाठीमार आणि दगडफेक झाली. लगेच इतर ठिकाणी एसटी बस जळू लागल्या. म्हणजे ठिणगी जालना जिल्ह्यात पडली तरी तुमची बस दुसऱ्याच जिल्ह्यात अडकू शकते. 'आपल्या वाटेवर काही नाही' एवढ्यावर निघू नका.

आणि आपल्या जिल्ह्यातलं सर्वांत मोठं उदाहरण, सोलापूर, मे १९३०. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे रोजी जमाव आणि पोलीस यांची गाठ पडली, गोळीबार झाला, पोलीसही मारले गेले. पुढचे काही दिवस पोलीस मागे हटले आणि काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी शहराचा कारभार, अगदी रहदारीसुद्धा, सांभाळली. १२ मेला मार्शल लॉ आला, तो ३० जूनपर्यंत राहिला. त्या काळात डोक्यावर गांधी टोपी असणंसुद्धा धोक्याचं होतं. विचार करा, ११ मेला जी टोपी घालून माणूस बिनधास्त फिरत होता, तीच टोपी दोन दिवसांनी त्याला गोत्यात आणणार. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली.

तिन्ही ठिकाणी माणसं बसलेली असताना किंवा ताबा एकाच बाजूकडे असताना वाटसरूला भीती कमी होती. ताबा बदलण्याच्या सुमारास ती वाढली.

पण थांबा, लगेच सिद्धांत मांडू नका. शांतपणे उठवलेले शेकडो रास्ता रोको कुठल्या पुस्तकात येत नाहीत. आपल्याला दिसतात ते रक्त सांडलेलेच. नमुना मुळातच एकीकडे झुकलेला आहे. शिवाय ३० जुलै २०१८ चं चाकण या साच्यात नीट बसत नाही. म्हणून मी याला नियम म्हणत नाही, फक्त वागताना ध्यानात ठेवते.

म्हणजे काय करते? जास्तीची पोलीस गाडी आली, हेल्मेट-ढालवाले उतरले, किंवा नेते उठून निघाले, की मी फोटो थांबवते आणि वस्तीच्या बाजूला, एखाद्या दुकानात जाते. एसटी आणि टँकरजवळ उभी राहत नाही; एसटी सरकारची, म्हणून पहिला दगड तिलाच. जमावबंदीचा आदेश निघालाय का ते विचारते (आधीचं कलम १४४, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १६३). तो असेल तर 'मी फक्त बघत होते' हे उत्तर पोलिसांपुढे फारसं चालत नाही. विद्यापीठाचं पत्र बॅगेच्या तळाशी नाही, वरच्या कप्प्यात. आणि रस्ता बंद असेल तर कुर्डुवाडी जंक्शन जवळ आहे, रेल्वे बघायची.

त्या दिवशी मी बाबांचं ऐकून एका खताच्या दुकानात जाऊन बसले. दुपारी पोलीस आले, थोडी पळापळ झाली, संध्याकाळी गाड्या सुटल्या. बर्फ कधीच वितळला होता. सगळ्या बाटल्या ओतून दिल्या आणि पुढच्या आठवड्यात उजनीवर पुन्हा गेले.