द्रव्याच्या अवस्था

तापमान आणि दाब यांनुसार पदार्थ ज्या वेगवेगळ्या रूपांत आढळतो, त्यांना द्रव्याच्या अवस्था म्हणतात. स्थायू, द्रव व वायू या तीन अवस्था रोजच्या परिचयाच्या आहेत. आयनद्रायू अर्थात प्लाझ्मा ही चौथी मानली जाते. बर्फ, पाणी आणि वाफ यांचे रेणू एकच असतात. एकटा रेणू घट्ट नसतो आणि पातळही नसतो. अवस्था हा असंख्य कणांच्या समूहाचा गुण आहे आणि तो एका ओढाताणीतून ठरतो : कणांमधील आकर्षण त्यांना जवळ धरते, तर उष्णतेने मिळालेली गती त्यांना विखरू पाहते.

ही गती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिचा पुरावा मिळायला बराच काळ जावा लागला. कण भांड्याच्या भिंतींवर सतत आदळतात व त्यातून वायूचा दाब निर्माण होतो, हे डॅनिएल बेर्नुली यांनी 1738 मध्येच मांडले होते. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञांना 1827 मध्ये परागांतील सूक्ष्म कण पाण्यात अखंड थरथरताना दिसले. न दिसणारे रेणू चहूबाजूंनी धक्के देत असल्यामुळे असे होते, याचे गणित आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये दिले आणि झां पेरँ यांनी ते प्रयोगांनी पडताळले. अणू ही केवळ सोयीची कल्पना आहे, असे म्हणणाऱ्यांचा आक्षेप त्यानंतर टिकला नाही.

स्थायूमधील कण आपापल्या जागी कंप पावतात, पण जागा सहसा सोडत नाहीत. मीठ व साखर यांत त्यांची मांडणी नियमित असते, म्हणून त्यांचे स्फटिक बनतात. काचेत अशी मांडणी नसते, तरीही काच स्थायूच आहे. जुन्या खिडक्यांच्या काचा शतकानुशतके ओघळून खाली जाड झाल्या, ही समजूत चुकीची आहे. त्या काळी काच बनवण्याच्या रीतीमुळेच तिची जाडी असमान राहत असे.

द्रवाबद्दलचा गैरसमज अधिक खोल आहे. शालेय आकृत्यांत स्थायूचे कण चिकटून, वायूचे फार दूर आणि द्रवाचे या दोन्हींच्या मधोमध विरळ काढलेले असतात. ही आकृती बदलायला हवी. बहुतेक पदार्थ वितळताना त्यांचे आकारमान थोडेसेच वाढते. म्हणजे द्रवातही कण जवळजवळ खेटूनच असतात. फरक एवढाच की ते शेजार बदलत एकमेकांवरून सरकू शकतात. म्हणूनच पाणी वाहते, पण दाबून लहान करता येत नाही. पाण्याचे वागणे तर आकृतीच्या अगदी उलट आहे. बर्फात हायड्रोजन बंधांमुळे रेणूंची मांडणी पोकळ राहते आणि गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे 9 टक्के वाढते. बर्फ पाण्यावर तरंगतो तो यामुळेच.

खरी उडी द्रवाकडून वायूकडे जाताना असते. 100° से. तापमानाच्या पाण्याची नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली वाफ झाली की आकारमान सुमारे 1,600 पट होते आणि रेणूंमधील सरासरी अंतर साधारण बारापट. खोलीतील हवेत नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे 500 मी. वेगाने धावतात, परंतु मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतके अंतरही न कापता दुसऱ्या रेणूवर आदळून दिशा बदलतात. एवढा वेग असूनही उदबत्तीचा वास घरभर पसरायला वेळ लागतो, त्याचे कारण हेच.

अवस्था बदलत असताना उष्णता देत राहिले तरी तापमान वाढत नाही. ती आकर्षण मोडण्यात खर्ची पडते. हिला अप्रकट उष्मा म्हणतात. 0° से. तापमानाचा 1 किग्रॅ. बर्फ वितळवायला सुमारे 334 किलोजूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी 80° से. पर्यंत तापले असते. वाफ होण्यासाठी तर सुमारे 2,260 किलोजूल लागतात. बाष्पीभवन मात्र उकळीची वाट पाहत नाही. पृष्ठभागावरील वेगवान रेणू निसटून जातात, मागे उरलेल्यांची सरासरी ऊर्जा घटते. माठातले पाणी गार होते ते असे. कापूर व डांबरगोळी यांचे कण वितळण्याची पायरी गाळून थेट वायूत जातात. या क्रियेला संप्लवन म्हणतात.

दाबाचे महत्त्वही तितकेच आहे. कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी सुमारे 120° से. ला उकळते, तर महाबळेश्वरच्या उंचीवर ते सुमारे 95° से. लाच उकळू लागते. टॉमस अँड्र्यूज यांनी 1869 मध्ये दाखवले की, कार्बन डाय-ऑक्साइडचे तापमान सुमारे 31° से. च्या वर गेले की कितीही दाबले तरी त्याचा वेगळा द्रव होत नाही. या क्रांतिक तापमानापलीकडे द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही.

अतिशय उच्च तापमानाला अणूंतील इलेक्ट्रॉन सुटून आयनद्रायू बनतो. सूर्य व तारे मुख्यतः याच अवस्थेत आहेत. कोणत्या तापमानाला किती अणू आयनीभूत होतील, हे सांगणारे समीकरण मेघनाद साहा यांनी 1920 मध्ये मांडले. दुसऱ्या टोकाला, सत्येंद्रनाथ बोस यांच्या 1924 मधील कामावरून आइन्स्टाइन यांनी वर्तवलेले बोस–आइन्स्टाइन संघनित आहे. त्यात असंख्य अणू एकाच क्वांटम अवस्थेत येतात. एरिक कॉर्नेल व कार्ल वीमन यांनी 1995 मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, सुमारे 170 नॅनोकेल्विनपर्यंत थंड करून ते प्रत्यक्षात आणले.