तारेला ओल कळते ती अशी

पावसाळ्यात तंबोरा लावणाऱ्याला खुंटीशी झगडावे लागते. ती फुगून घट्ट बसलेली असते. हवा कोरडी झाली, की तीच खुंटी सटकू लागते आणि तिला खडूची पूड लावावी लागते. तारा तर पोलादाच्या व पितळेच्या. त्या पाणी शोषत नाहीत. मग सूर का हलतो?

कारण लाकडात आहे. हवेतील बाष्प लाकडाच्या पेशीभित्तिकांत शिरते व लाकूड रुंदीत फुगते. लांबीत मात्र नगण्य वाढते. तबलीच्या कडा भोपळ्याला जखडलेल्या असल्याने ती किंचित वर उचलते, घोडीही उचलली जाते आणि तारेवरचा ताण बदलतो.

युरोपात पूर्वी वाद्यांना आतड्याची तात लावीत. ती स्वतःच ओल शोषत असे. वादकांची ही डोकेदुखी शास्त्रज्ञांच्या मात्र उपयोगी पडली! इटलीतील वैद्य सांतोरिओ (१५६१–१६३६) यांनी ताणलेल्या दोरीच्या मध्यावर वजन टांगले. हवा दमट झाली की दोरी आखडे व वजन वर चढे. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली रानटी ओटच्या कुसळाला पडणाऱ्या पिळावरून ओल दाखविली. पुढे जिनिव्हाचे सोस्यूर यांनी मानवी केस सोड्याच्या पाण्यात उकळून, तेलकटपणा काढून वापरला आणि १७८३ साली त्यावर ग्रंथच प्रसिद्ध केला.

येथे एक कोडे आहे. ओलीने केस लांबतो, पण पिळाची दोरी आखडते. असे का? दोरीचे तंतू जाडीत फुगतात. जाड गाभ्याभोवती तेवढाच वेढा घ्यायला तंतूची अधिक लांबी खर्ची पडते, म्हणून दोरी आखूड होते. पावसाळ्यात सुती दोरी ताठ होते, ती यामुळेच.

आपल्याकडे मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रे घडविणारे शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. तेथील सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या कारागिरांच्या हाती आर्द्रतामापक नव्हता. पण लाकूड व भोपळा पुरते वाळल्याशिवाय हत्यार लावायचे नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. वरचा लाखेचा लेप बाष्प अडवीत नाही, त्याचा वेग कमी करतो. आणि तेच महत्त्वाचे आहे. वाद्य तडकते ते मुख्यतः झपाट्याने होणाऱ्या बदलामुळे. बाहेरचा थर वाळून आकसतो, आतला ओलाच राहतो आणि लाकूड फाटते. म्हणून पावसातून वातानुकूलित सभागृहात आणलेले वाद्य काही काळ गवसणीतच राहू द्यावे.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. साबणाने धुतलेला लांब केस, हलके वजन आणि काडीचा काटा एवढे साहित्य पुरे. मिठाच्या संपृक्त द्रावणावर झाकलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के असते. काट्याची पहिली खूण तेथे करावी. वर्षभर नोंदी ठेवल्या, तर शाळेतल्या पेटीच्या शेजारी पडून असलेला तंबोरा कधी जपायचा, हे विद्यार्थीच सांगू लागतील.